पेपरात गाजलेली मच्छरदाणी

प्रेमलाल मेश्राम प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची दाढी अर्धीच झाली होती. उरलेली अर्धी दुपारपर्यंत तशीच राहिली. त्यामुळं त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी त्याला पाहिलं त्यांच्या डोळ्यांपुढं प्रसिद्ध माणूस म्हणजे एका गालानं गुळगुळीत आणि दुसऱ्या गालानं खरखरीत, असं चित्र कायमचं बसलं.

झालं असं, की नागपूरचे पेपर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात पोचले आणि शेजारचा चैतराम पानवाला त्यातला एक झेंड्यासारखा हलवत थेट प्रेमलालच्या अंगणात शिरला.

"प्रेमलालभाऊ! अरे, तू पेपरात आला!"

प्रेमलालच्या हातातला वस्तरा थांबला. हे साल पासष्टच्या आसपासचं. त्या काळी बालाघाटातला साधा माणूस पेपरात यायचा तो एक तर वैनगंगेत बुडून, नाही तर भरवेलीच्या खाणीत अंगावर काही पडून. प्रेमलालनं आधी स्वतःचे हातपाय चाचपले.

"काहून गा? मले का झालं?"

"तुले काही नाही झालं. तुह्या मच्छरदाणीले झालं! वाच!"

प्रेमलालचं स्टेशन रस्त्यावर एक दुकान होतं. दुकान म्हणजे नगरपालिकेच्या जागेवरचा एक ओटा, वर टिनाचं छप्पर, आत एक शिवणयंत्र आणि जाळीच्या कापडाचे गठ्ठे. तो मच्छरदाण्या शिवायचा, आणि खरोखर चांगल्या शिवायचा. चारी कोपऱ्यांना दुहेरी शिलाई, खाली गादीखाली खोचायला रुंद पट्टी. त्या पट्टीबद्दल तो कुणाशीही कितीही वेळ बोलू शकायचा. मागच्या महिन्यात नागपूरच्या पेपराचा गावातला वार्ताहर दुलीचंद आपली फाटकी मच्छरदाणी घेऊन आला होता. तिला ठिगळ लागेपर्यंत त्याला ते सगळं ऐकावं लागलं. वार्ताहर माणूस, ऐकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही हे त्याच्या अंगातच मुरलेलं. त्यानं ते लिहून धाडलं, आणि नागपूरला त्या दिवशी नेमकी जागा रिकामी होती.

बातमीवर प्रेमलालचा फोटोही होता. दुलीचंदनं कुणाच्याशा लग्नातल्या फोटोतून कापून धाडलेला. छपाई अशी काही उठली होती, की प्रेमलाल मच्छरदाणीच्या आतून बाहेर बघतो आहे असं वाटावं. चैतराम म्हणाला, हे त्यांनी मुद्दाम केलं, नागपूरचे लोक हुशार.

प्रेमलालनं वस्तरा ठेवून वाचलं: 'येथील कुशल कारागीर श्री. प्रेमलाल मेश्राम यांच्या मच्छरदाण्यांना गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत मागणी आहे.' त्यानं ते परत वाचलं. 'श्री.' वाचलं. 'कुशल' वाचलं. मग पुन्हा 'श्री.' वाचलं. आजवर त्याला टपालाशिवाय कुणी श्री. म्हटलं नव्हतं, आणि टपालही वर्षाकाठी क्वचितच यायचं.

त्याची बायको मैनाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अजी, खालचं बी वाचा ना. एवढंच काय वाचून राह्यले?"

"खाली का रायते? खाली तेच असन."

खाली ते नव्हतं. पण माणसाला स्वतःचं नाव छापील दिसलं की त्याच्या खालचं जग धूसर होतं.

दुपारपर्यंत चैतरामच्या पानठेल्यावर सभाच भरली. विषय एकच, की पेपरात नाव आल्यावर माणसानं काय करावं. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव कधी पेपरात आलं नव्हतं, त्यामुळं सगळे निःशंक होते.

"चूप बसशीन तं उद्या ह्या पेपरात लोकं भजे खातीन," चैतराम म्हणाला. "गरम हाये तवरच कामात घे. पयलं म्हणजे कातरण काचेत बसव. दुसरं, बोर्ड रंगव. तिसरं, रिक्षा फिरव, भोंगा लावून."

"आणि मोठ्या लोकायले पाठव," बाबूलाल माईकवाला म्हणाला. लग्नाला भोंगे भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा, आणि तेव्हा लग्नं नव्हती, म्हणून त्याला प्रेमलालच्या प्रसिद्धीची विशेष कळकळ. "कातरण अन् एक नमुना. मोठा माणूस खुश झाला तं सरकारी आर्डर."

सरकारी आर्डर! प्रेमलालनं रात्रंदिवस खपून मच्छरदाणीचे वीतभर उंचीचे नमुने शिवले. बाहुली झोपेल एवढे, पण कोपऱ्यांना दुहेरी शिलाई आणि खाली पट्टी. प्रत्येक नमुन्यात एक कातरण घालून पुडकी बांधली आणि गावातल्या सगळ्या बड्या माणसांच्या घरी पोचती केली. सगळ्यात सुबक पुडकं, वर लाल फीत बांधून, मच्छर निर्मूलन समितीच्या अध्यक्षांना गेलं. चैतरामचं म्हणणं पडलं, की मच्छराचं खातं त्यांच्याकडं आहे, तेव्हा आपल्या मालाची खरी कदर त्यांनाच.

मैनाबाई एवढंच म्हणाली, "अजी, मच्छर मारनाऱ्याले मच्छरदाणी कायले?"

"तुले धंद्यातलं नाही समजत," प्रेमलाल म्हणाला. आठवडाभरापूर्वी तो असं कधी म्हणाला नसता.

बोर्ड रंगून आला. त्यावर लाल अक्षरांत, 'नागपूरच्या पेपरात गाजलेली एकमेव मच्छरदाणी'. पेंटरनं हौसेनं एका कोपऱ्यात मच्छर काढला होता. तो चिमणीएवढा झाला होता. प्रेमलालनं तक्रार केली तेव्हा पेंटर म्हणाला, "रस्त्यावरून दिसाले पायजे का नाही?"

गिऱ्हाइकं मात्र वेगळीच येऊ लागली. कुणी विचारी, नागपूरच्या पेपरात माझ्या भाच्याचं लग्न छापून आणता येईल का. वारासिवनीहून एक गृहस्थ फक्त फोटोशी प्रेमलालचं तोंड ताडून पाहायला आला आणि "फोटोत बरे दिसता," म्हणून निघून गेला. हट्टा गावचा फकिरा तर म्हैस घेऊन आला. दुकानापुढं तिला उभी करून म्हणाला, "इचं माप घ्या."

"मच्छरदाणीचं?"

"मग का सदऱ्याचं? मच्छरापायी दूध देऊन नाही राह्यली. पेपरात लिवलं ना, तुमी कुशल हाये."

कुशल या शब्दाचा मान राखायला प्रेमलालनं टेप काढला. म्हैस लांबीला मोजू देई, रुंदीला नाही. म्हणून फकिरा दुसऱ्या दिवशी पुन्हा आणतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच रिक्षाही निघायची होती. सकाळी बाबूलाल भोंगा बांधून हजर झाला, पण त्याचा आवाज बसलेला. घशातून नुसती हवा येई. तो खुणेनं म्हणाला, तुम्हीच बोला.

"मी?" प्रेमलाल हबकला.

"धंदा तुहा, नाव तुहं, तोंड काहून दुसऱ्याचं?" चैतराम म्हणाला. "जास्त सोचू नको. पेपरातलं वाचत जा. अन् पयले शाळेच्या मैदानाकडे घे. तिकडे मांडव पडला हाये, गंज लोकं जमून राह्यले."

"कायचा मांडव?"

"असन कायचा बी. लोकं तं लोकंच हाये."

मांडव मच्छर निर्मूलन समितीचा होता. ही गोष्ट चैतरामला माहीत नव्हती, प्रेमलालला नव्हती, आणि बाबूलालला असली तरी त्याला आवाज नव्हता. बालाघाट हे मच्छरमुक्त गाव ठरलं होतं. त्याबद्दल समितीला चांदीची ढाल मिळायची होती, आणि ती द्यायला भोपाळहून मोठे साहेब जीपनं आले होते. भिंतीभिंतींवर फवारणीच्या तारखा लिहून झाल्या होत्या. नाल्यांत तेल ओतलं होतं. अध्यक्षांनी शेरवानी शिवली होती.

पुढं मांडवात काय झालं ते प्रेमलालला नंतर दुलीचंदकडून कळलं, कारण वार्ताहर म्हणून तो पहिल्या रांगेत होता. साहेबांना हारतुरे झाले. मग भेटवस्तू. भेटींच्या टेबलावर लाल फितीचं एक सुबक पुडकं होतं. अध्यक्षांच्या बंगल्यावरून चपराश्यानं सगळं उचलून आणलं त्यात तेही आलं होतं. अध्यक्षांनी ते हसत साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी फीत सोडली, तर आतून निघाली वीतभर मच्छरदाणी. साहेबांनी ती दोन बोटांत धरून वर केली. चारी कोपरे छान उलगडले. मग त्यांनी कातरण उघडलं. साहेबांचं आजोळ अमरावतीचं. त्यांना मराठी वाचता येत होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी मैदानाच्या फाटकाशी भोंगा खरखरला.

प्रेमलाल आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलत होता. स्वतःचा आवाज एवढा मोठा होऊन परत येतो आहे हे पाहून त्याला भीती वाटली, आणि मग हळूहळू ती आवडू लागली. चैतरामनं सांगितल्याप्रमाणं त्यानं पेपर वाचायला घेतला. 'श्री. प्रेमलाल मेश्राम' दोनदा म्हणून झालं. लोक वळून बघू लागले. मांडवातलेही वळले. प्रेमलालला चेव आला आणि तो पहिल्यांदाच खालच्या ओळींकडं वळला.

"बालाघाट गावात मच्छरांचा असा काही सुकाळ आहे, की संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं तर दोनचार आत जातात! कारागीर श्री. मेश्राम म्हणाले, 'मच्छर निर्मूलनवाले येतात, भिंतीवर तारीख लिहितात अन् जातात! मच्छर हायेत म्हणून तं आमची चूल पेटते...'"

इथं प्रेमलाल थांबला. हे आपण बोललो होतो? त्याला आठवलं. बोललो होतो. ठिगळ लावता लावता, गमतीनं बोललो होतो. भोंगा मात्र 'चूल पेटते' या शब्दांवर अजून मैदानभर घुमत होता. मांडवाच्या तोंडाशी शेरवानीतला एक माणूस उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. आत काही गेलं की नाही ते दुरून दिसलं नाही.

बाबूलालनं रिक्षा वळवली ती लग्नाच्या वरातीत घोडा उधळावा तशी.

प्रेमलाल दुकानी पोचला तो घामानं भिजून. पाठोपाठ समितीची फवारणीची माणसं आली. अध्यक्षांनी त्यांना सायकलींवर पुढं पिटाळलं होतं. ती काही न विचारता आत शिरली आणि पंप मारू लागली. शिवणयंत्रावर, कापडाच्या गठ्ठ्यांवर, काचेतल्या कातरणावर, मैनाबाईनं ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांवरही. दुकान असं पांढरं झालं, की आतल्या आत धुकं पडावं.

"अरे, माह्ये पापड!" मैनाबाई ओरडली.

मागून अध्यक्ष स्वतः आले. शेरवानीच्या वरच्या गुंड्या तुटल्या होत्या.

"मच्छर कहाँ है?" ते गरजले. "दिखाओ! एक मच्छर दिखाओ! तुम हमारी ढाल डुबाओगे? साहब कह रहे हैं, यह दुकान देखनी है! सुनो, साहब के सामने एक लफ्ज भी मच्छर का निकला, तो कल सुबह यह ओटा यहाँ नहीं रहेगा!"

प्रेमलालनं ओट्याकडं पाहिलं. ओटा नाही म्हणजे दुकान नाही. दुकान नाही म्हणजे नावाआधी श्री. लावला तरी खाली उरणार काय? तासाभरापूर्वीपर्यंत आपण गावातले कुशल कारागीर होतो, हे त्याला खरं वाटेना. बोर्डावरचा तो चिमणीएवढा मच्छर सगळ्यांच्या डोक्यावर तरंगत होता. अध्यक्षांनी वर पाहिलं आणि फवारणीवाल्यांना ओरडून सांगितलं, "इसको ढको!" त्यांनी हाताशी आलेली मच्छरदाणीच बोर्डावर टाकली. जाळीतून मच्छर अजूनच झोकदार दिसू लागला.

एवढ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एका बाजूनं जीप आणि दुसऱ्या बाजूनं म्हैस.

"रुंदीचं माप ऱ्हायलं होतं ना," फकिरा म्हणाला.

भोपाळचे साहेब उतरले. वयस्क माणूस, टक्कल, शांत चेहरा. हातात ती वीतभर मच्छरदाणी. ते म्हशीला वळसा घालून आले आणि मैनाबाईनं पुसून दिलेल्या स्टुलावर बसले. दुकानापुढं अर्धं गाव जमलं होतं. चैतराम अगदी मागं, खांबाआड उभा होता. सल्ला देणाऱ्याची जागा तीच असते.

"तो आप हैं श्री मेश्राम," साहेब म्हणाले.

प्रेमलालनं मान हलवली. आता मात्र त्याला श्री. नको होता.

"सर, यह अखबारवालों की बदमाशी है," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "मैं दावे से कहता हूँ, इस शहर में आपको एक भी मच्छर..."

आणि तो आला. इतक्या फवाऱ्यातून, इतक्या तेलातून, इतक्या तारखा ओलांडून तो कुठून आला देव जाणे. कदाचित म्हशीबरोबर आला असेल. गिरकी घेत घेत तो साहेबांच्या डाव्या गालावर बसला.

अध्यक्षांचं वाक्य तिथंच मोडलं. सगळ्या गावाला तो दिसला. साहेबांना सोडून सगळ्यांना. तो निवांत पाय रोवून बसला आणि मान खाली घातली. कुणी हलेना. दुलीचंदच्या हातातली पेन्सिल हवेत राहिली. म्हशीनंही शेपूट थांबवल्यासारखं वाटलं. मच्छराचं पोट लाल होत चाललं होतं आणि अध्यक्षांचं तोंड पांढरं.

प्रेमलालच्या डोक्यात त्या घडीला विचार असा नव्हताच. जन्मभर त्याच्या हाताला एकच सवय, मच्छर दिसला की हात उठायचा. तो उठला.

चटाक!

भोपाळच्या साहेबांच्या गालावर बालाघाटच्या मच्छरदाणीवाल्यानं भर रस्त्यावर थप्पड मारली होती. मैनाबाईच्या हातातून पाण्याचा गडवा सुटला. प्रेमलाल स्वतःच्या तळव्याकडं असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. तळव्यात एक चपटा झालेला देह होता, सुतासारखे पाय आणि लाल थेंब.

साहेबांनी सावकाश गालावर हात ठेवला. "क्या था?"

"मक्खी!" अध्यक्ष किंचाळले. "मक्खी थी, सर! भैंस की मक्खी!"

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ते प्रेमलालकडं बघत होते. "क्यों भाई? मक्खी थी?"

आता सगळं प्रेमलालवर आलं. एकीकडं ओटा होता, मशीन होतं, पांढरे झालेले गठ्ठे होते. दुसरीकडं त्याच्या तळव्यात त्याच्या सगळ्या धंद्याचा पुरावा पडला होता, ताजा, ओला. ज्याच्यावर चूल पेटते त्याला माशी म्हणायचं? त्याला वाटलं, खरं सांगावं. साहेब भला दिसतो. मग त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं. त्यांनी हात जोडले होते. गावानं ज्यांना कधी कुणाला हात जोडताना पाहिलं नव्हतं ते अध्यक्ष प्रेमलालला हात जोडून उभे होते. साहेबांना दिसू नयेत म्हणून ते हात साहेबांच्या पाठीमागं जाऊन जोडले होते, पण जोडले होते.

"हौ, साहेब," प्रेमलाल कसाबसा म्हणाला. "मक्खीच. जरा बारीक हाये."

साहेब वाकले. त्यांनी चष्मा लावून तळवा नीट पाहिला. "बालाघाट की मक्खी खून पीती है?"

प्रेमलालनं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी म्हशीकडं पाहिलं. शेवटी मैनाबाई पदर सावरत म्हणाली, "भुकी असन, साहेब. सगळीकडं दवाई मारली ना यायनं. मंग खाईन तरी का बिचारी?"

साहेबांच्या मिश्या हलल्या. आधी ते खोकतात असं वाटलं. मग ते हसू लागले, आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गाव हसावं की नाही ते न कळून अध्यक्षांकडं बघत राहिलं. अध्यक्ष हसले, तेव्हा गावही हसलं. प्रेमलाल तेवढा हसला नाही. त्याचा हात अजून तसाच पुढं होता. तो मागं कसा घ्यायचा ते त्याला आठवत नव्हतं.

जीपमध्ये चढताना साहेबांनी त्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सिलाई अच्छी है. रेस्ट हाउस में रात भर मक्खियों ने सोने नहीं दिया. एक बड़ी भिजवा दीजिए."

ढाल मिळाली. पेपरात फोटोही आला, अध्यक्ष आणि ढाल. प्रेमलालचं नाव नव्हतं, आणि त्यानं ते तीनदा तपासून समाधानानं पेपरची घडी केली. त्याच आठवड्यात समितीचा माणूस आला. रेस्ट हाउसच्या सगळ्या पलंगांना, अध्यक्षांच्या बंगल्यावर आणि समितीच्या कचेरीतही जाळ्या हव्या होत्या. बाबूलालच्या स्वप्नातली सरकारी आर्डर ती हीच. अट एवढीच, की बिलावर मच्छर हा शब्द येता कामा नये.

पेंटर परत आला. यावेळी त्यानं मच्छराला पंख वाढवून, पोट फुगवून, डोळे मोठे करून चांगली ठसठशीत माशी केली आणि वर लिहिलं, 'येथे उत्तम माशीदाण्या मिळतील'. अक्षरं वाळत होती तेवढ्यात भरवेलीहून एक खाणकामगार सायकल टेकवून आला. हात, मान, कान सगळीकडं गांध्या उठलेल्या. तो खाजवत खाजवत विचारू लागला, "भाऊ, मच्छरदाणी हाये काय?"

प्रेमलालनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. समोरच्या ठेल्यावरून चैतराम मान डोलवत होता.

"मच्छरदाणी नाही," प्रेमलाल म्हणाला. "बालाघाटात मच्छरच नाही. माशीदाणी हाये."

कामगारानं बोर्ड वाचला. क्षणभर विचार केला. कोपरापाशी कडकडून खाजवलं.

"हौ, तेच द्या," तो म्हणाला. "काल माशायनं गंज फोडून काढलं, राजेहो."